टिलरीचा चेहरा

नाचता नाचता क्लाइडने तिच्या कमरेवर हात ठेवला आणि ॲव्हरिलचा पाय चुकला.

घडलं ते एवढंच. बाजूच्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. रविवारची दुपार होती. सोहोतल्या एका पबखालच्या तळघरात चाळीस-पन्नास माणसं हातात बियरचे ग्लास धरून एकमेकांच्या कानाशी बोलत होती, हसत होती, मधूनच नाचत होती. आणि तबकडी वाजत होती रॉस्को टिलरी या अमेरिकन गायकाची. लंडनमध्ये हे गाणं कुणी लावील असं ॲव्हरिलला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिले ठोके ऐकताच ती हातातला ग्लास ठेवून उठली, एकटीच मोकळ्या जागेत गेली, आणि पाय आपसूक सुरू झाले. मग मागून क्लाइड आला, त्याने कमरेवर हात ठेवला, आणि पायांना पुढचं काही आठवेना. डावा की उजवा? ती उभीच राहिली. रोजची सही करताना मधलंच अक्षर विसरावं तसं झालं. "काही नाही, बूट सरकला," ती म्हणाली. क्लाइड हसला, तिला जवळ ओढून हलकेच डोलू लागला, आणि तीही त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून डोलली. पण तिचं सगळं लक्ष खाली पायांकडे होतं. ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते.

उत्तर इंग्लंडमध्ये, प्रेस्टनच्या पॅलाटिन हॉलमध्ये चार वर्षं ती याच गाण्यावर नाचली होती आणि एकदाही पाय चुकला नव्हता. पण तिथे कुणी कुणाला हात लावत नसे. पावडर टाकून गुळगुळीत केलेल्या लाकडी जमिनीवर दीड-दोनशे माणसं एकाच दिशेला तोंड करून नाचायची, प्रत्येक जण आपापला, आपल्या ठरलेल्या जागेवर. चर्चमध्ये प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते तशी. तिची जागा दुसऱ्या खांबाजवळ. तिच्या उजव्या हाताला केनेथ टॅटरसॉल. त्याचं नाव कळायलाच तिला वर्ष लागलं होतं. गिरकी घ्यायच्या आधी तो श्वास रोखतो हे तिला ठाऊक होतं, घामाने भिजलेला सदरा तो कितव्या गाण्याला बदलेल हे ठाऊक होतं, त्याच्या टाचेचा आवाज ती डोळे मिटून ओळखत होती. पण हवापाण्यापलीकडे दोघांत शब्द झाला नव्हता. आणि तरी, किंवा म्हणूनच, आपल्या आईपेक्षाही हा माणूस आपल्याला जवळचा आहे असं तिला कधीकधी वाटायचं. दारू नाही, चहा आणि सरबत. कुणी पोरीच्या मागे लागायला येत नसे. येत ते गाण्यासाठी. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्यातरी शहरात, बहुतेक काळ्या गायकांनी, जीव तोडून गायलेली, तिथे कुणी ढुंकूनही न पाहिलेली गाणी. ती इथे येऊन कापसाच्या गिरण्यांत आणि बिस्किटांच्या कारखान्यांत राबणाऱ्या पोरांच्या जिवाला का लागावीत, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडे अजून हीच वाजतात?" क्लाइडने एकदा विचारलं होतं. "ही तर माझ्या थोरल्या बहिणीची गाणी. माणसं पुढं गेली गं, तिकडं अमेरिकेतसुद्धा." लंडनमध्ये नवी गाणी हवीत, गेल्या आठवड्यात बोटीतून उतरलेली, संथ, जड, कमरेतून वर चढणारी. जोडीदाराकडे बघून नाचायचं. बोलायचं. ॲव्हरिलला ती गाणीही आवडू लागली होती की क्लाइडला आवडतात म्हणून आवडत होती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्या दिवशी बसच्या थांब्यापर्यंत चालताना क्लाइडने तिला लग्नाचं विचारलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. एखाद्या बिघाडाबद्दल बोलावं इतक्या शांतपणे बोलला. आईला सांगून ठेवलंय, म्हणाला. स्टॉकवेलच्या घरात वरची खोली रिकामी आहे. तुझं काय ते बघ. आणि ॲव्हरिलने हो म्हणायला तोंड उघडलं नि भलतंच बोलून गेली, "आधी एकदा माझ्याबरोबर वर चल. पॅलाटिनला." लंडनवाल्यांच्या तोंडी तिचा मुलूख म्हणजे नुसतं 'वर', तिलाही ती सवय लागली होती. क्लाइडने भुवया उंचावल्या. बरं, म्हणाला. आपण असं का म्हटलं याचा विचार करत ती बसच्या वरच्या मजल्यावर बसून राहिली. आईबापांना भेट म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. पण आईला भेटवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. क्लाइड आणि ती जमीन, क्लाइड आणि तो खांब, हे एकदा एका ठिकाणी पाहायला हवं होतं. पाहून काय कळणार होतं?

ती त्याला पहिल्यांदा भेटली ती फेब्रुवारीत, खाणकामगारांच्या संपात, जेव्हा रोज पाळीपाळीने वीज जायची. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी लंडनला येऊन तिला वर्ष होत आलं होतं. पर्यवेक्षिका रोज तिचे उच्चार सुधारत होती. बस म्हणायचं, तुमच्याकडचं 'बुस' नाही. ॲव्हरिल कामावर बस म्हणे आणि खोलीवर आल्यावर आरशासमोर उभी राहून 'बुस, बुस' म्हणून पाही, अजून येतं का ते बघायला. त्या दिवशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. ती जिन्याने वर गेली, तर लिफ्टचं दार उघडं आणि जमिनीतून कमरेपर्यंतच वर आलेला एक काळा माणूस, तोंडात टॉर्च धरून, दोन्ही हातांनी कसली तरी तार ओढत होता. टॉर्चचा उजेड खालून त्याच्या गालांवर पडला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि ॲव्हरिलला वाटलं, याला आपण ओळखतो. नुसतं वाटलं नाही, खात्री झाली. नाव जिभेवर होतं. कुठे पाहिलंय, ते तेवढं आठवेना. पुढे कितीतरी दिवस ती ते आठवत होती, आणि आठवलं नाही तेव्हा तिने ठरवून टाकलं की यालाच प्रेम म्हणत असतील. न पाहिलेल्या माणसाची ओळख पटणं. आणखी दुसरं काय असणार?

जूनमधल्या एका रविवारी सकाळी ती दोघं युस्टनहून गाडीत बसली. पॅलाटिनला त्या दिवशी दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत नाच होता आणि विशेष म्हणजे खुद्द रॉस्को टिलरी येऊन गाणार होता. अमेरिकेहून. टिलरी नावाचा खराखुरा माणूस असेल, तो जेवत असेल, त्याला विमानतळावर रांगेत उभं राहावं लागत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचा फोटो कुणी पाहिलेला नव्हता. तबकडीवर फोटो नसतो. आणि पॅलाटिनमध्ये तर रेकॉर्ड लावणारा मूळ नावावर कागद चिकटवून ठेवायचा, दुसऱ्या गावच्या हॉलवाल्यांना पत्ता लागू नये म्हणून; टिलरीचं नावही फार उशिरा बाहेर फुटलं होतं. नुसता आवाज होता. वर चढत चढत फाटेल असं वाटतानाच सावरणारा, कुणाला तरी 'जाऊ नको' म्हणणारा.

क्लाइडने आपला क्रीम रंगाचा सूट घातला होता, बारीक कापाचा, कडक इस्त्रीचा. तिच्या पिशवीत गोल घेराचा स्कर्ट, पावडरचा डबा, बदलायचा ब्लाउज. "मी तिथं काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. नाच."

"कुणाबरोबर?"

"एकट्याने."

"एकट्यानंच नाचायचं तर इतक्या लांब कशाला? घरी नाचलो असतो." मग जरा वेळाने तो म्हणाला की वाटेतलं क्रू स्टेशन गेल्यापासून तुझा आवाज बदललाय. तिने मनावर घेतलं नाही, पण तिकीट तपासनिसाशी बोलताना 'बुस' तोंडातून गेलं, आणि क्लाइडने खिडकीकडे तोंड करून हळूच 'बुस' म्हणून पाहिलं. चेष्टा नव्हती ती. नवा बूट पायात घालून पाहावा तसं. तिला भरून आलं आणि रागही आला. हे दोन्ही एकदम का यावं, ते तिला उमगेना. बाहेर विटांच्या भिंती, धुण्याच्या दोऱ्या, बंद गिरण्यांची धुराडी सुरू झाली होती. ही तिची होती. पण आता ती क्लाइडच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसतंय याचा तिला काही अंदाज लागत नव्हता.

पॅलाटिनच्या दारात रांग होती. स्टोकच्या बसमधून, वुल्व्हरहॅम्प्टनच्या, लीड्सच्या बसमधून पोरं उतरत होती. ॲव्हरिल त्यांना लांबूनच ओळखायची. स्टोकची बसमधून उतरतानाच टाळ्यांचा ठेका धरणारी, वुल्व्हरहॅम्प्टनची कपड्यांत नीटनेटकी आणि आपणच सगळी गाणी आधी शोधली असं सांगणारी, लीड्सची अबोल, पण जमिनीवर उतरली की लाकूड फोडल्यासारखी नाचणारी. लंडनचं कुणीच नाही. तिला वाटलं, आता कुणीतरी 'अगं ॲव्हरिल' म्हणेल. तेवढ्यात गर्दीतून केनेथ टॅटरसॉल धावत आला. आता हॉलचं सगळं तोच बघत असावा. छातीवर बिल्ला होता, केस मागे गेले होते. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने थेट क्लाइडचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"टिलरीसाहेब, तुम्हाला घ्यायला स्टेशनवर माणूस पाठवला होता आम्ही," तो म्हणाला.

रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि रांग दुभंगली. क्लाइडने मान वळवून ॲव्हरिलकडे पाहिलं. बघण्यात प्रश्न होता. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, केनेथ, अरे हा क्लाइड लारोंड, लंडनला लिफ्ट दुरुस्त करतो, माझ्याबरोबर आलाय. शब्द तयारही होते. पण त्या एका क्षणी, केनेथचा चेहरा पाहून, क्लाइडचा चेहरा पाहून, तिला वाटलं होतं: हो की. हाच तो. फार काळ नाही, डोळ्याची पापणी लवते तितकाच वेळ. पण तेवढ्यात क्लाइडला आत नेलं होतं.

ती रांगेतच राहिली. तिच्या मागे साठीला टेकलेला एक गोरा माणूस होता. विरळ तांबूस केस, जाड चष्मा, हातावर कपड्याचं आवरण घातलेला एक सूट टाकलेला. त्याने तिला विचारलं की कलाकारांचं दार वेगळं आहे का. बोलणं नाकातून, अमेरिकन सिनेमासारखं. तिने मान हलवली. तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. दारावरच्या मुलीने त्या माणसाकडे तिकीट मागितलं. तो काहीतरी सांगायला लागला, मागचे लोक पुढे रेटू लागले, तेव्हा त्याने मुकाट्याने तिकीट काढलं आणि आत शिरला.

आत दुसऱ्या खांबाजवळ कुणीतरी सोळा-सतरा वर्षांची मुलगी नाचत होती. ॲव्हरिल लांबून तिच्याकडे पाहत राहिली. गिरकीनंतर डावा हात मागे टाकायची लकब, ती ॲव्हरिलची होती. मुलीने ती कुणाकडून उचलली असेल? कदाचित तिने ॲव्हरिलला कधी पाहिलंही नसेल; तिसऱ्याच कुणाकडून आली असेल. व्यासपीठाजवळ क्लाइडला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, भोवती पोरं दाटली होती. ती ओरडत नव्हती, ढकलत नव्हती. बिस्किटं बांधणारी, टायर बनवणारी, सूत कातणारी पोरं, खिशातून जपून आणलेल्या तबकड्या पुढे करत होती आणि हात मागे घेऊन उभी राहत होती. एकाने क्लाइडला सांगितलं की त्याचा भाऊ वारला तेव्हा त्याने रात्रंदिवस एवढंच एक गाणं ऐकलं होतं. क्लाइडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग पेन घेतलं. ॲव्हरिलने पाहिलं की त्याने सही केली. तिला धावत जाऊन त्याला अडवावंसं वाटलं आणि त्याच वेळी, देवा, कुणी अडवू नये, हे असंच चालू राहावं, असंही वाटलं. हे कुणासाठी? त्या पोरांसाठी? क्लाइडसाठी? आपल्याला नक्की काय हवंय याचं टोक हाताला लागत नव्हतं. गुंत्यात बोट घालावं आणि आणखी गाठी बसाव्यात तसं होत होतं.

सत्य बाहेर आलं ते चहाच्या टेबलावरून. चष्मेवाल्या म्हाताऱ्याने चहा देणाऱ्या बाईला अजीजीने सांगितलं की मला वाटतं, मला इथे गायचंय. बाई हसली. त्याने खिशातून पासपोर्ट काढून दाखवला. मग ती बाई हळूहळू चालत केनेथकडे गेली. ॲव्हरिलने पाहिलं की केनेथचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. कुणी क्लाइडला एक शब्दही वावगा बोललं नाही. पोरं नुसती पांगली. ओहोटी लागावी तशी. आणि क्रीम रंगाच्या सुटातला क्लाइड हातात चहाची बशी धरून मध्ये एकटा उरला. बशी कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. त्याने भोवताली पाहिलं, टेबल लांब होतं. शेवटी त्याने ती खुर्चीवर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. ॲव्हरिल त्याच्या मागे निघाली होती. खरंच निघाली होती. पण तेवढ्यात ड्रमवर ते पहिले ठोके पडले.

टिलरीने चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून तोंड उघडलं. तोच आवाज. तसूभर कमी नाही. थोडा खाली आलेला, थोडा खरखरीत, पण चढताना तसाच फाटायला येणारा आणि सावरणारा. हॉल घुमला. ज्यांना क्षणभर फसल्यासारखं वाटलं होतं तेही विसरले. आणि ॲव्हरिलचे पाय सुरू झाले. तिने त्यांना सांगितलं नव्हतं. ती दाराजवळच उभी होती, अंगावर प्रवासाचे कपडे होते, खांद्यावर पिशवी होती, आणि पाय बिनचूक पडत होते, एक पाऊलसुद्धा इकडचं तिकडे नाही. तिने डोळे उघडे ठेवून पाहिलं, तर दिव्यांखाली विरळ केसांचा एक गोरा म्हातारा होता, चर्चमधल्या पेटीवादकासारखा. तिने डोळे मिटले, तर क्लाइड. खालून उजेड पडलेले गाल, कपाळ, ओठ. उघडले, म्हातारा. मिटले, क्लाइड. आणि मग तिला कळलं की मिटल्या डोळ्यांमागचा तो चेहरा क्लाइडच्या आधीचा आहे. तो इथेच, या जमिनीवर, चार वर्षं नाचता नाचता तिने स्वतःच काढला होता, त्या आवाजासाठी. नंतर लंडनमध्ये एक माणूस जमिनीतून कमरेपर्यंत वर आला आणि तिला ओळख पटली. मग गेले चार महिने ती कुणाबरोबर हिंडत होती? सिनेमाला कुणाबरोबर बसली होती? क्लाइडला सर्दी झाली तेव्हा कुणासाठी लिंबू आणायला धावली होती? लिंबू तर क्लाइडसाठीच आणलं होतं. नाही का? पाय चालूच होते. तिला त्यांची भीती वाटली.

गाणं संपल्यावर केनेथ तिच्याजवळ आला. तिला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. जणू ती गेलीच नव्हती.

"तुझ्याबरोबर आला होता ना तो?" त्याने विचारलं. तिने मान डोलावली. "वाईट झालं. मी त्याची माफी मागतो म्हणून सांग. तो सूट, लंडनच्या गाडीची वेळ... आणि..."

"आणि चेहरा."

केनेथ जमिनीकडे बघत राहिला. "हो. चेहरा," तो म्हणाला. "आपल्याला त्यांचे आवाज पाठ आहेत, ॲव्हरिल, पण आपल्या गल्लीत त्यांच्यातला एक माणूस राहत नाही. मग पहिला दिसला त्याच्या गळ्यात माळ घातली. तू तरी काय वेगळं केलं असतंस?"

त्याला काही टोचून बोलायचं नव्हतं. चार वर्षांत तो तिच्याशी इतकं पहिल्यांदाच बोलला होता आणि बोलून लाजला होता. ॲव्हरिलने त्याचा हात हातात घेतला, जरासा दाबला. घामेजलेला, जाडाभरडा, अनोळखी हात होता. ज्याच्या टाचेचा आवाज मी ओळखत होते त्या माणसाचा हा हात, असं ती मनाशी म्हणत राहिली, पण दोन्ही जुळेनात. ती बाहेर पडली.

क्लाइड बसच्या थांब्याच्या बाकावर बसून बटाट्याचं पॅटिस खात होता. कोट काढून शेजारी नीट घडी घालून ठेवला होता. ऊन अजून चांगलंच होतं. ती शेजारी बसली, तेव्हा त्याने कोट उचलून मांडीवर घेतला. तो म्हणाला की पॅटिस चांगलं आहे, पण मीठ कमी. मग म्हणाला, "मी दोन सह्या केल्या. त्याच्या नावाने."

"तो मी नव्हे म्हणून का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

समोरून एक बस आली, थांबली, गेली. त्याला राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो विचार करत होता. लंडनला मला कुणी असं दोन्ही हातांनी धरलेलं नाही, तो म्हणाला. भाऊ वारलेला तो पोरगा माझ्याकडे असा बघत होता की त्या वेळी मी नाही म्हटलं असतं तर ते जास्त खोटं झालं असतं, निदान तेव्हा तसं वाटलं. आता वाटत नाही. आता त्या तबकडीवरची सही खोडून यावीशी वाटते. नंतर त्याने पॅटिसचा कागद चुरगळला आणि तिच्याकडे न बघता विचारलं,

"त्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात पाहिलंस, तेव्हा तू कुणाला पाहिलंस?"

त्याला कसं कळलं? की तो नुसता अंदाज होता? तिला खोटं बोलता आलं असतं, आणि खोटं नेमकं कुठलं हे ठाऊक असतं तर कदाचित ती बोललीही असती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने उठून कोट अंगात घातला. ती दोघं चालत स्टेशनवर गेली. रविवारी रुळांची कामं निघाल्यामुळे लंडनची गाडी क्रूला बदलायची होती. क्रूच्या फलाटावर ती दोघं उतरली, तेव्हा या बाजूला लंडनची गाडी लागलेली होती आणि समोर, मध्ये फक्त फलाट सोडून, उत्तरेकडची. प्रेस्टनच्या अलीकडे चॉर्लीला तिची आई होती. दार वाजवलं की काही न विचारता चहाचं आधण ठेवणारी. क्लाइडने ते तिच्या आधी ओळखलं. जा, म्हणाला, मी रागावलेलो नाही, तू थोडे दिवस राहा, मग बघू. तो खरंच रागावलेला नव्हता. ॲव्हरिल फलाटाच्या मधोमध उभी राहिली. एका बाजूला बस आणि दुसऱ्या बाजूला बुस. वर्षभर तिला वाटत होतं की आपण एक ठिकाण सोडून दुसरीकडे गेलो, आणि परत कधीही जाता येईल. आज ती परत गेली होती आणि तिथे तिच्या जागेवर तिच्याच लकबीने दुसरं कुणी नाचत होतं. आणि लंडनमध्ये जो माणूस होता तो तिने लंडनमध्ये शोधलाच नव्हता, पॅलाटिनमधूनच बांधून नेला होता. मग कुठे जायचं? गार्डने शिट्टी वाजवली. कुठल्या गाडीसाठी ते तिला कळलं नाही. क्लाइड डब्यात चढला होता आणि दार ओढून घेत होता; ती पुढे झाली आणि त्याच्या पाठोपाठ चढली. ठरवून नव्हे. तसं कुणी विचारलं असतं तर ते दार जवळ होतं एवढंच तिने सांगितलं असतं.

डब्यात समोरच्या बाकावर एक बाई विणत बसली होती. क्लाइडने डोकं खिडकीला टेकलं. तो दमला होता. बाहेर गायरानं, कालवे, स्टॅफर्डशरच्या विटांच्या भट्ट्या मागे पडत होत्या, उन्हाचा रंग जुना होत चालला होता. ॲव्हरिलने डोळे मिटायचं टाळलं. मिटले की कोण दिसेल याची तिला खात्री नव्हती. आणि मग तिला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, डब्याचं काहीतरी कुरकुरतंय. नंतर कळलं की क्लाइड गातोय. खिडकीच्या काचेशी, आपल्याच नादात, त्याच्या आईच्या मूळ बेटावरच्या फ्रेंचसारख्या भाषेत. आणि तो फार वाईट गात होता. सूर एकीकडे, तो एकीकडे; जिथे वर जायचं तिथे त्याचा आवाज वाटेतच बसायचा आणि तिथूनच पुढची ओळ सुरू करायचा. त्यात फाटणं नव्हतं, सावरणं नव्हतं, कुणाला 'जाऊ नको' म्हणणं नव्हतं. तिच्याकडच्या कुठल्याच तबकडीवर असला आवाज नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं. गालावर काचेचा ओला डाग होता, नाकपुडीजवळ एक बारीक पुटकुळी आली होती. त्या आवाजाला तिला कुठलाच चेहरा द्यावा लागला नाही.

समोरच्या बाईने सुया थांबवून त्याच्याकडे पाहिलं. क्लाइड भानावर आला आणि गप्प झाला.

"काय होतं ते?" ॲव्हरिलने विचारलं.

"आई कपडे धुताना म्हणते. अर्धे शब्द मलाही कळत नाहीत." तो ओशाळला होता. "मला गाता येत नाही."

"नाही येत," ती म्हणाली. समोरच्या बाईच्या सुया पुन्हा चालू झाल्या.

"म्हण ना," ॲव्हरिल म्हणाली. "पहिल्यापासून."